अहिरराव मॅडमचं अक्षर

छापून आलेलं पान अहिरराव मॅडम टेबलावर ठेवून कधीच वाचत नसत. ते जमिनीवर ठेवत, स्वतः खुर्चीतून उठून उभ्या राहत आणि खाली बघत. दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर पान उचलायचं, मागे तारीख घालायची आणि म्हणायचं, "परत." त्यांच्या तोंडून मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला शब्द हाच असावा.

आमची कंपनी द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांवर औषध फवारायची यंत्रं बनवते. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना आहे. मी तिथे डिझाइनमध्ये होतो. पंचेचाळिशीला आल्यावर एका वरिष्ठांशी माझा खटका उडाला आणि मला 'तांत्रिक प्रकाशन' नावाच्या विभागात धाडण्यात आलं. विभाग म्हणजे पेंट शॉपच्या मागची एक खोली. दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, रंगाचा वास आणि निर्मला अहिरराव. यंत्रासोबत जे मॅन्युअल जातं, म्हणजे नट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं, पंपात हवा किती भरायची, हे सांगणारं पुस्तक, ते या खोलीत तयार व्हायचं. कारखान्यात बहुतेकांना ही खोली कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं.

मला वाटत होतं की काम दोन दिवसांत शिकण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात मी एका आकृतीतल्या भागांना क, ख, ग, घ अशी नावं दिली. मॅडमनी ते पान छापून घेतलं. मग त्याचा झेरॉक्स काढला, त्या झेरॉक्सचा झेरॉक्स काढला, आणि तिसऱ्या कागदावर पेंट शॉपमधून आणलेल्या डब्यातलं ग्रीस बोटाने फासलं.

"वाचा आता," त्या म्हणाल्या.

"भाग क, भाग रव..." मी अडखळलो. "ख. भाग ग, भाग ध."

"ध कुठून आला? तुम्हीच तर लिहिलंय."

घ होता तो. मला तो माझ्याच आकृतीत ध दिसला होता. एका लांब वहीत त्यांनी नोंद केली आणि मला तिचं पान दाखवलं. आकृतीत ख, घ, ध, भ, म, ष घालायचे नाहीत. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकता कामा नये. आकडे प्रेशर गेजच्या तबकडीवर जसे असतील तसेच पुस्तकात घालायचे, म्हणजे माणूस पुस्तकातून गेजकडे बघेल तेव्हा त्याला मनातल्या मनात भाषांतर करावं लागणार नाही. अशी पानंच्या पानं होती. कुणी मागितली नव्हती ती.

"एवढं कोण बघतं मॅडम?" मी विचारलं होतं.

"कोणी नाही बघत," त्या म्हणाल्या. "वाचणारा दमलेला असतो आणि त्याचा एक हात कामात असतो. तो अक्षराकडे कशाला बघेल?"

त्या मूळच्या नामपूरच्या. अठराव्या वर्षी नाशिकला आल्या आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागल्या. शिशाची अक्षरं एकेक करून पट्टीत बसवायची, तीही उलटी. तेव्हापासून अक्षर हाताला कळतं, असं त्या म्हणायच्या. छापखाना बंद पडल्यावर संगणक शिकल्या आणि आमच्या कंपनीत लागल्या. 'फाँट' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. "हे अक्षर कागदावर बरं आहे, स्क्रीनवर नको," असं म्हणायच्या. ज्या अक्षरात जाड आणि बारीक रेघा असतात ते कागदावर छान उठतं, पण स्वस्त फोनवर त्याच्या बारीक रेघा तुटून पडतात, हे मला त्यांनीच दाखवलं.

मॅन्युअल फोनवर टाकायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. यंत्रावर एक चौकोनी छाप लावायचा, तो फोनने टिपला की पुस्तक उघडतं. संगणकावर सगळं सुंदर दिसत होतं. मॅडम मात्र भर दुपारी गेटवर गेल्या. वॉचमन, ट्रक ड्रायव्हर, कॅन्टीनमधले दगूभाऊ, ज्याच्याकडे जो फोन असेल तो उघडायला लावला आणि त्यांना उन्हात उभं करून पान वाचायला सांगितलं. दगूभाऊंच्या फोनवर वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसल्या होत्या. एका ड्रायव्हरला स्क्रीनवर स्वतःचं तोंडच तेवढं दिसत होतं.

"लय चमकतंय ओ मॅडम," तो म्हणाला. "फिकं लिव्हलंय. काळं लिव्हा ना."

"काळंच लिहिते," त्या म्हणाल्या आणि वहीत त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. डोक्यावर पदर नव्हता, टोपी नव्हती. तासभर उन्हात उभ्या होत्या. परत आल्यावर पाणी प्यायल्या आणि कामाला बसल्या. त्या तासाबद्दल कंपनीत कुणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं काही घडलंही नव्हतं. मॅन्युअल नीट दिसायला लागलं इतकंच.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. इंदिरानगरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. अकाउंट्समधल्या बायकांनी सुरुवातीला त्यांना डब्याला बोलावलं होतं म्हणे, पण त्या आपल्या खोलीतच, भिंतीकडे तोंड करून जेवत. पाऊण वाजता त्यांचा फोन वाजायचा. नामपूरहून मोठा भाऊ असायचा. एरवी पुस्तकासारखं शुद्ध बोलणाऱ्या मॅडम तेवढी पाच मिनिटं अहिराणीत जायच्या. "हा भाऊ, बरी शे मी. तू कसा शे?" आवाजसुद्धा बदलायचा, जरा वरच्या पट्टीत जायचा. मी त्या वेळेला मुद्दाम खोलीत थांबायचो, कारण तेवढाच वेळ त्या हसायच्या.

एका हिवाळ्यात भाऊ वारला. चार दिवस रजा घेऊन मॅडम परत आल्या आणि पहिल्यासारख्या काम करू लागल्या. पाऊण वाजता डबा उघडला की फोन मात्र डब्याशेजारी उताणा ठेवायच्या. वाजायचा नाही. जेवण झालं की उचलून पर्समध्ये टाकायच्या. हे मी कितीतरी महिने पाहिलं. त्यांच्याशी अहिराणीत बोलणारं कोणी राहिलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने कंपनीत मार्केटिंगचे नवे साहेब आले. पुण्याहून आले होते, हुशार होते, वाईट माणूस नव्हते. त्यांना कंपनीचा सगळा चेहराच बदलायचा होता. बोर्ड, पत्रकं, वेबसाइट, मॅन्युअल, सगळीकडे एकच अक्षर. ते अक्षर बारीक होतं, नाजूक, आणि रंग राखाडी.

मॅडम त्यांच्याकडे वही घेऊन गेल्या. मीही सोबत होतो.

"पत्रकाला चालेल सर," मॅडम म्हणाल्या. "पत्रक माणूस निवांत बसून बघतो. मॅन्युअलला नको. उन्हात दिसणार नाही."

"अहो मॅडम, आजकाल फोनवर झूम करता येतं."

"एका हातात पाना असतो सर."

साहेब हसले. मग त्यांनी जुन्या मॅन्युअलचं एक पान पुढे ओढलं. "आणि हे काय? 1.5 लिहिलंय आणि पुढे परत 'दीड'. 2.5, पुढे 'अडीच'. एकदा आकडा लिहिला की झालं ना? किती गर्दी होते पानावर."

"ठिपका हरवतो, सर. शब्द हरवत नाही."

दीड, अडीच गेले. मॅडमनी तीनदा लेखी हरकत घेतली. चौथ्यांदा छपाई अडून राहिली, यंत्रं पॅक होऊन उभी होती, वरून फोन यायला लागले, तेव्हा त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. सही करायच्या आधी पान जमिनीवर ठेवलं होतं. उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग वाकून उचललं आणि सही केली. या वेळी 'परत' म्हणाल्या नाहीत.

पुढच्याच हंगामात बागलाणातून तक्रार आली. आमच्या पंपावर हवेचा एक छोटा गोल डबा असतो. पंपाचे धक्के झेलायला त्यात दीड बार दाबाने हवा भरायची असते. एका शेतकऱ्याने गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणून त्यात पंधरा बार भरायला घेतली. पंधराच्या पुष्कळ आधीच डबा फुटला आणि झाकणाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली.

यंत्राची तपासणी करायला मला जायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "मी येते." त्यांचं तिथे काही काम नव्हतं. कंपनीच्या जीपमध्ये नाशिकपासून सटाण्यापर्यंत त्या बाहेर बघत बसल्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. सटाणा गेल्यावर रस्त्याच्या कडेला बागा सुरू झाल्या तेव्हा म्हणाल्या, "सही माझी आहे, कुलथे."

घर शेतातच होतं. तो माणूस, पस्तिशीचा असेल, हाताला बँडेज बांधून ओट्यावर बसला होता. त्याची आई आम्हाला बघून मोठमोठ्याने बोलायला लागली. तिचा राग आमच्यावर नव्हताच. तो सगळा सुनेवर होता. नवरा पंपापाशी बसला होता आणि बायको फोनवरून त्याला वाचून दाखवत होती. तिने पंधरा सांगितलं, त्याने पंधरा भरायला घेतलं. गावभर झालं होतं की वैशालीला वाचता येत नाही, तिने नवऱ्याचा हात घालवला.

वैशाली आत चुलीपाशी उभी होती. बाहेर यायला तयार नव्हती.

मॅडम चपला काढून सरळ आत गेल्या. मी दारात थांबलो. त्यांनी त्या मुलीला फोनवर तेच पान उघडायला सांगितलं आणि तिला हाताला धरून मागच्या दाराने वळसा घालून अंगणात, उन्हात नेलं.

"वाची दाखाड," मॅडम म्हणाल्या.

दोनेक वर्षांनी ते बोल मी ऐकले. ती मुलगीही चमकली. नाशिकच्या कंपनीतली बाई अहिराणी बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने वाचलं. चांगलं खणखणीत वाचलं, कुठे अडली नाही. आणि हवेच्या ओळीपाशी येऊन म्हणाली, "पंधरा."

"ठिपका दिसना का तुले?"

"नही," ती म्हणाली आणि रडायला लागली. "दहावी शिकेल शे मी. सगळा म्हनतस, इले वाचता येस नही."

मॅडमनी फोन स्वतःच्या हातात घेतला, उन्हात धरला, डोळे बारीक केले. मग फोन तिला परत दिला. "माले बी दिसना नही," त्या म्हणाल्या. "तुनी चूक नही."

तेवढं सांगून त्या थांबल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं. पण सासू ओट्यावरून म्हणाली, तोंडी बोलायला काय जातं, उद्या तुम्ही निघून जाल. मॅडम तिथेच खाली बसल्या. पर्समधून कोरा कागद काढला आणि लिहिलं. मॅन्युअलच्या फोनवरच्या मजकुरात ठिपका उन्हात दिसत नाही. मी स्वतः वाचून पाहिलं. वाचणाऱ्या बाईंची चूक नाही. खाली नाव, हुद्दा, सही. लिहून झाल्यावर कागद जमिनीवर ठेवला, उभ्या राहिल्या आणि वरून पाहिला. मग वैशालीच्या हातात दिला. तिने तो सासूला नाही, नवऱ्याला नेऊन दाखवला. त्याने डाव्या हातात धरून वाचला आणि तिला म्हणाला, "बस आठे." आपल्याशेजारची जागा दाखवली त्याने.

मला मॅडमनी सही मागितली नाही. मीही पुढे होऊन म्हटलं नाही की मलाही दिसत नाहीये. माझ्या फोनवर मी ते पान उघडलं होतं, दारातल्या उन्हात उभा राहून. मला पंधराच दिसलं होतं.

महिनाभराने वकिलाची नोटीस आली, तिला तो कागद जोडलेला होता. कंपनीने त्या माणसाला भरपाई दिली, प्रकरण मिटलं, पण आत चौकशी लागली. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला तीन साहेब, दुसऱ्या बाजूला मॅडम आणि मी.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. अक्षर माझंच आहे."

"कंपनीला न विचारता?"

"हो."

मग माझ्याकडे वळले. "कुलथे, तुम्ही होतात तिथे. तुमच्यासमोर त्या बाईंनी काय वाचलं?"

मी म्हणालो, "मी बाहेर यंत्रापाशी होतो, सर. माझ्या कानावर काही आलं नाही."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नंतर समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि थोडं पाणी प्यायल्या. खोलीतून बाहेर पडल्यावर कॉरिडॉरमध्ये त्या माझ्यासाठी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "तुमची नोकरी बरीच राहिलीय अजून. माझं काय, संपत आलंय." हे त्यांनी अगदी साधेपणाने म्हटलं आणि त्या पुढे चालू लागल्या.

त्यांना काढलं नाही. यंत्रांच्या जुन्या नकाशांच्या गोदामात बसवलं. तिथे खिडकी नव्हती आणि कामही नव्हतं. मी सुरुवातीला जेवायच्या सुट्टीत जायचो, मग रोज जाणं जमेना, मग जाणं बंदच झालं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी बाहेरगावी होतो. असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे मी ओझरला एका पुरवठादाराकडे गेलो होतो, आणि ते काम दुसऱ्या दिवशीही झालं असतं. दगूभाऊंनी त्यांना गेटपर्यंत सोडलं.

पुढे मार्केटिंगचे साहेब दुसरीकडे गेले. एक दिवस मी कुणाला न विचारता मॅन्युअलचं अक्षर जाड केलं, काळं केलं, दीड आणि अडीच परत घातले. कोणी काही म्हणालं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन मी इंदिरानगरला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मॅडम वाळल्या होत्या, केस पांढरेशुभ्र. घरात दोन खुर्च्या. एकीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, तो त्यांनी उचलून खाली ठेवला तेव्हा मला बसता आलं. चहा केला. पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. लाल कागदावर सोनेरी, वळणावळणांची अक्षरं होती. मुलीने हौसेने निवडली होती.

"कार्यालय कुठलं आहे?" त्यांनी विचारलं. "माझं वय झालंय म्हणून दिसत नाही, की अक्षर वाईट आहे?"

"अक्षर वाईट आहे," मी म्हणालो.

त्या मोठ्याने हसल्या. मग मी पत्ता वाचून दाखवला आणि त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात पत्रिकेच्या मागे लिहून घेतला. वैशालीचा फोन येतो अधूनमधून, असं त्यांनी आपणहून सांगितलं. "माझी अहिराणी आता तिच्यामुळेच आहे," म्हणाल्या. मी मॅन्युअलचं सांगितलं, दीड परत घातल्याचं. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या. मी चौकशीच्या दिवसाचा विषय काढणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघरात नळ सोडला.

लग्नाला त्या आल्या. मला वाटलं नव्हतं येतील. मी पाहुण्यांच्या गराड्यात होतो. अक्षता पडल्यानंतर मला त्या शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत बसलेल्या दिसल्या. शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. निळी साडी, मांडीवर पर्स. त्या स्टेजकडे बघत होत्या, आणि कोणीही त्यांच्याशी बोलत नव्हतं, कारण त्या कोण आहेत हे तिथे मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मी हात वर केला. त्यांना दिसला नसावा. तेवढ्यात व्याह्यांनी मला फोटोला ओढलं.

फोटो झाल्यावर पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. मी फेटा सावरत बाहेर धावलो. कार्यालयासमोरच्या रस्त्यावर एक शेअर रिक्षा भरत होती. मागच्या सीटवर दोन जाडजूड माणसांच्या मधे मॅडम अंग चोरून बसल्या होत्या.

"मॅडम, जेवलात का? थांबा, मी गाडीने सोडायला सांगतो."

"जेवले. छान होतं सगळं. मुलगी गोड आहे."

"मॅडम, मला एक—"

"जा, जा, कुलथे. तुमचे पाहुणे थांबलेत," त्या म्हणाल्या. त्यांना मी काय बोलणार होतो ते कळलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. रिक्षावाल्याने गिअर टाकला. मी दांडीला धरलेला हात सोडला. उन्हात रिक्षाचा मागचा पडदा फडफडत होता, त्याच्या फटीतून त्यांच्या पांढऱ्या केसांचा अंबाडा तेवढा दिसत होता. सिग्नलपाशी रिक्षा वळली.

आतून मला हाका मारत होते. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, आणि मग गेलो.